फेंडर, १९५१ आणि सिरीयल नंबर: जुन्या बास गिटारींबद्दलच्या एका दाव्याची झडती

‘जगातली पहिली इलेक्ट्रिक बास गिटार लिओ फेंडरने १९५१ मध्ये काढली. ती वाजवणारा पहिला माणूस मंक मॉन्टगोमरी. तुमच्याकडची जुनी फेंडर कोणत्या सालची हे सिरीयल नंबरवरून नेमके कळते. शंका असेल तर नेकच्या (गिटारच्या लांब दांडीच्या) बुडाशी असलेली तारीख वाचा.’ थोड्याफार फरकाने हाच मजकूर गिटारवाल्यांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. बोलून चालून चार वाक्ये, पण त्यातले एकही धड टिकत नाही.

आधी ‘पहिली’चा दावा. अमेरिकेत सिअॅटलला पॉल टुटमार्क नावाचा हवाईयन गिटारचा शिक्षक होता. स्वतःचा बँडही चालवायचा. डबल बास म्हणजे उभे राहून वाजवायचे, माणसाएवढे खर्जाचे तंतुवाद्य. ते वाजवणाऱ्याचे हाल त्याने जवळून पाहिले होते. ते धूड गाडीत कोंबले की दुसऱ्याला बसायला जागाच नाही. बाकी मंडळी गप्पा मारत एका गाडीतून जाणार आणि हा एकटाच मागून येणार. टुटमार्कच्या मुलाने पुढे ही हकिगत सांगितली आहे. त्यावर तोडगा म्हणून १९३६-३७ च्या सुमारास टुटमार्कची ऑडिओव्हॉक्स ७३६ ही बास आली. भरीव लाकडी बॉडी, चार तारा, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), पिकअप (तारांची कंपने विजेत बदलणारा भाग) आणि गळ्यात अडकवून आडवी वाजवायची सोय. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साधारण ३० इंच. बास गिटार म्हणायला आणखी काय लागते? शिवाय हे माळ्यावर पडलेले प्रयोगाचे खोके नव्हते. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये ती विक्रीला होती. मुलगा बड टुटमार्क याने १९४७-४८ च्या आसपास सेरेनेडर नावाने तशीच बास काढली. तेव्हाही फेंडरची यायला तीनेक वर्षे होती.

मग फेंडरचे श्रेय काढून घ्यायचे का? मुळीच नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या त्याच्या कारखान्यातून प्रिसिजन बास, म्हणजे मजकुरातली ती १९५१ ची बास, निघाली आणि धंदा बदलला. तिचे ३४ इंची स्केल आजही बाजारात प्रमाण मानले जाते. १९५२ मध्ये जोडीला बासमन अॅम्प (बाससाठीचा ध्वनिवर्धक) आला, म्हणजे वाद्य आणि आवाज दोन्ही एकाच दुकानात. टुटमार्कला हे जमले नाही. त्याचा पसारा स्थानिकच राहिला. ‘चालवून दाखवणारा पहिला’ म्हणा, मी लगेच मान डोलावीन. मात्र चालवून दाखवणे वेगळे आणि शोध लावणे वेगळे.

मॉन्टगोमरीबद्दल थोडक्यात. जॅझ वादक लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये फेंडर बास त्याच्याआधी रॉय जॉन्सनच्या हातात होती. डाउन बीट या जॅझविषयक मासिकाने जुलै १९५२ मध्ये या नव्या वाद्याची दखल घेतली ती जॉन्सन वाजवत असताना. मॉन्टगोमरी नंतर आला आणि वाद्याचा खरा प्रचारक ठरला, हे खरेच. आणि फेंडरपुरते न बोलता इलेक्ट्रिक बास गिटारबद्दल बोलायचे, तर पॉलची बायको लॉरेन टुटमार्क नवऱ्याच्या बँडमध्ये ऑडिओव्हॉक्स वाजवत असे. तिचे नाव या मजकुरात कधीच नसते, याचे मला नवल वाटत नाही.

आता सिरीयल नंबर. जुन्या वाद्याची किंमत सालावर ठरते, म्हणून खिशाला चाट लागते ती इथे. सुरुवातीच्या प्रिसिजनवर नंबर ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाच्या) पट्टीवर असे. १९५४ च्या सुमारास तो मागच्या नेक प्लेटवर (नेक बॉडीला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) गेला. या प्लेटा आधीच नंबर ठोकून पेटीत पडलेल्या असत. जोडणी करणारा हाताला लागेल ती उचलून बसवी. गिटारी आणि बास एकाच क्रमांकमालेतल्या. त्यामुळे लहान नंबरचे वाद्य मोठ्या नंबरच्या वाद्यानंतर बनलेले सर्रास सापडते. ‘एल’ अक्षराचे नंबर १९६२ च्या अखेरीपासून १९६५ पर्यंतचे, इतपत अंदाज ठीक. त्यातून नेमके वर्ष काढणे म्हणजे हवेत गाठी मारणे. आणि प्लेट बसते अवघ्या चार स्क्रूंवर. बदलायला कितीसा वेळ लागतो?

नेकवरची तारीख त्यापेक्षा बरी, पण ती नेकची. नेक तयार होऊन महिनोन्‌महिने पडून राहू शकते. १९६२ पासून पेन्सिलीऐवजी शिक्का आला आणि नवा घोळ झाला. ‘७ मार्च ६६ बी’ असा शिक्का दिसला की लोक ७ मार्च १९६६ वाचतात. प्रत्यक्षात तो ७ म्हणजे जॅझ बास या फेंडरच्याच दुसऱ्या मॉडेलचा कोड, आणि शेवटचे ‘बी’ ही नेकची रुंदी. दिवस त्यात कुठेच नाही, फक्त महिना आणि साल.

पॉटवरचे (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या विजेच्या भागावरचे) आकडेही पाहावेत. ‘१३७६६१९’ असेल तर १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ साल, १९ वा आठवडा. म्हणजे मे १९६६. मात्र फेंडरने त्या वर्षी पॉट इतके घाऊक घेऊन ठेवले, की १९६८-६९ च्या वाद्यांतही १९६६ चेच पॉट निघतात. म्हणून पॉट एवढेच सांगतो: वाद्य याच्या आधीचे नाही. पॉटच्या तारांवरचे सोल्डर (धातूचा डाग) मूळचे असेल, म्हणजे पॉट बदललेला नसेल, तरच हेही खरे.

जाता जाता, याच मजकुराला हल्ली एक शेपूट जोडलेले दिसते: ‘साधा सिंगल कॉइल (तारेच्या एकाच वेटोळ्याचा) पिकअप असेल तर बास १९५७ च्या आधीची.’ १९५७ मध्ये प्रिसिजनला दोन तुकड्यांचा पिकअप आला, इथवर बरोबर. पण १९६८ मध्ये फेंडरनेच जुन्या घाटाची, जुन्या पद्धतीच्या पिकअपची टेलिकास्टर बास काढली. विकणारा केवळ पिकअपकडे बोट दाखवून पन्नाशीच्या दशकातली किंमत सांगू लागला, तर नेक उतरवून शिक्का दाखवायला सांगा, आणि पिकगार्ड (बॉडीवरची पातळ संरक्षक पट्टी) उघडून पॉटही.