पाचवी चिमणी
पक्षी बघता बघता मी निराशेतून बाहेर आले, प्रार्थनाही परत सुरू झाली असं या लेखात लेखिकेने लिहिलंय ते एकदम पटलं. पण बायबलमधल्या मत्तयच्या ६व्या अध्यायातली, देव ज्यांना खाऊ घालतो ती पाखरं सगळेच सांगतात हो, मला लूकचा १२वा अध्याय जास्त भिडतो. मत्तय १० मध्ये एका नाण्याला दोन चिमण्या आणि लूकमध्ये दोन नाण्यांना पाच, म्हणजे पाचवी फुकटच की, तरी देव तिलाही विसरत नाही! डिप्रेशनमध्ये आपण ती पाचवीच असतो बघा. (गोळ्या चालू असतील तर बंद नका करू प्लीज, हे सगळं त्यांच्या जोडीला.) आणि चर्चमध्ये कोणी पक्षी बघण्याला टाइमपास म्हटलं तर सांगा, इंग्लंडच्या जॉन स्टॉटसारखे मोठे पाळकसुद्धा गळ्यात दुर्बीण अडकवून फिरायचे.