आखूड नळी म्हणून काडतुसात जास्त दारू?

एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या शिकारी पिस्तुलांसाठी रायफलची काडतुसे घरी भरणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरतो आहे. तो अमेरिकेत शिकार करणाऱ्या माझ्या भाच्याने प्रमाण मानला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेश म्हणतो, की आखूड नळीत दाब वाढायला वेळच मिळत नाही. तेव्हा रायफलच्या कमाल मात्रेपेक्षा दोन-तीन ग्रेन (ग्रेन हे वजनाचे छोटे माप) दारू खुशाल जास्त भरावी, ती भरभर जळणारी असावी, आणि प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी, दाबाने चपटा झाला नाही तर सारे सुरक्षित समजावे.

पहिला मुद्दा थेट जिवावर बेतणारा आहे. दाब शिगेला पोहोचतो तो गोळी पहिले काही इंच सरकते तेव्हाच. नळी 24 इंच असो वा 10, त्या क्षणी गोळी आतच असते. उरलेली लांबी वेग वाढवते, दाबाचा कळस नव्हे. अमेरिकेतील ‘सामी’ ही मानके ठरवणारी संस्था .223 रेमिंग्टनची मर्यादा दर चौरस इंचाला 55,000 पौंड आणि .308 विंचेस्टरची 62,000 पौंड अशी काडतुसागणिक देते. आखूड नळीसाठी वेगळी सवलत त्यात नाही. उलट मधून मोडून उघडणाऱ्या पिस्तुलात पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, बुडाचा रेटा थेट सांगाड्यावर येतो, आणि .308 चे बूड .223 च्या दीडपटीहून अधिक क्षेत्रफळाचे असते. म्हणूनच 1967 साली आलेल्या थॉम्सन/सेंटर कंपनीच्या कंटेंडर या अशा पिस्तुलाला .223 झेपते, पण .308 साठी त्याच कंपनीला पुढे अधिक दणकट एन्कोर काढावे लागले.

भरभर जळणाऱ्या दारूने नळीच्या तोंडाशी दिसणारा जाळ कमी होतो, एवढे नाइलाजाने मान्य करतो. परंतु लांब नळीत सर्वाधिक वेग देणारी दारूच बहुधा आखूड नळीतही पुढे राहते. प्रायमरबद्दल तर काय बोलावे? त्याचे चपटे होणे त्याच्या धातूच्या कडकपणावरही अवलंबून असते.

भाच्याने भरलेली वीस काडतुसे मी त्याला गोळ्या उपसायच्या हातोड्याने एकेक करून उघडायला लावली. तराजूवर प्रत्येकात पुस्तकातल्या कमाल मात्रेपेक्षा अडीच ग्रेन दारू जास्त निघाली.