गिअरबॉक्स एकदाच उतरवा की!

गाडीचा क्लच घसरतो म्हणून गिअरबॉक्स उतरवायचा आणि नुसती क्लच प्लेट बदलून परत चढवायचा, हा प्रकार थांबवा हो! मजुरी खरी उतरवण्या-चढवण्याची असते. क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबलं की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंगही बहुतेक वेळा झिजलेलं असतं. काही महिन्यांत बेअरिंग घरघरायला लागतं, की पुन्हा तीच मजुरी. क्रँकचं मागचं ऑइल सील (इंजिनचं तेल क्लचकडे येऊ न देणारं) गळत असेल तर नवी प्लेटसुद्धा तेलाने भिजून घसरते. तेही त्याच वेळी बदला, फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चकतीवर, चिरा आहेत का बघा.

आणि पैसे मोजण्याआधी आरसी उघडा. १५ वर्षं भरत आली असतील तर फिटनेस तपासणी आणि पुढच्या ५ वर्षांच्या नोंदणीचा खर्च आधी धरा. खालचा पत्रा गंजून पोखरला असेल, तर क्लचवर पैसे घालूच नका.