मूट कोर्ट पुष्कळ झाली, पेन्शनवर कोण लिहिणार?

आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळ्यात जास्त वाद होतात ते पेन्शनवरून. मामेभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, नोव्हेंबर 2005 नंतर लागलेला म्हणजे जुनी पेन्शन नाही, मार्च 2023 च्या संपात तो ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ची टोपी घालून आठवडाभर बसला होता. समोर काका, खाजगी कारखान्यात तीस वर्षं काढलेले, ते म्हणतात तुमच्यासाठी निदान मोर्चे तरी निघतात, आम्हा ईपीएस-95 वाल्यांना (खाजगी नोकरदारांची पीएफसोबतची पेन्शन योजना) कोण विचारतं. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झाल्यापासून तरुण मंडळींचं तिसरंच, की हातात येणारा पगार कमी होणार का. मी इथे ओहायोत बसून हे सगळं वाचते, माझं रोजचं कामच कंपन्यांच्या पेन्शन आणि हेल्थ प्लॅनचे कागद तपासण्याचं आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

मला खटकतं ते हे की तिन्ही बाजूंचं म्हणणं घोषणेत मावतं पण कागदावर नीट मांडलेलं कुठे सापडत नाही.

आपल्याकडे लॉची पोरं मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटूचे खटले, लढतात, पण असं लिहायला त्यांना कुणी सांगत नाही. इथे अमेरिकेत लॉच्या विद्यार्थ्यांसाठी टॅक्स आणि कर्मचारी लाभ या विषयांवर लेखनाच्या स्पर्धा असतात. टॅक्स कोर्टाचे न्यायाधीश थिओडोर टॅननवाल्ड यांच्या नावाने एक आहे, त्यात विद्यार्थ्याने टॅक्सवर लिहिलेला शोधनिबंध पाठवायचा. कर्मचारी लाभांच्या वकिलांचं एक कॉलेज आहे, म्हणजे शिकवायचं नाही, नावाजलेल्या वकिलांची संस्था, तेही विद्यार्थ्यांच्या निबंधाला बक्षीस देतात. पण माझी आवडती अमेरिकन बार असोसिएशनच्या टॅक्स विभागाची. दोघादोघांची टीम, एक गुंतागुंतीचा व्यवहार दिलेला असतो आणि दोन गोष्टी लिहायच्या, एक सीनियर वकिलासाठी मेमो, कलमं निवाडे सगळं घालून, आणि दुसरं खुद्द क्लायंटला पत्र. तोंडी फेरी असते, पण ती नंतर, आणि लिखाणातून निवडलेल्यांचीच.

एलएलएम करताना मी यात उतरले होते. मेमो मला सोपा गेला, पत्राने घाम काढला. माझ्या पहिल्या मसुद्यात कलमं, अपवाद, अपवादाचे अपवाद असं सगळं होतं आणि ‘तुम्हाला टॅक्स भरावा लागेल, साधारण इतका’ हे वाक्य तिसऱ्या पानावर. माझ्या पार्टनरने ते वाक्य कापून पहिल्या ओळीत नेऊन ठेवलं आणि म्हणाली, हा माणूस पत्र उघडतो तेव्हा त्याला एवढंच हवं असतं. त्या एका बदलानंतर खालचा अर्धा मजकूर आपोआप गळून पडला. आम्ही अंतिम फेरीत गेलो नाही, पण आजही कुठलंही पत्र लिहिताना मी आधी ती ओळ शोधते.

आणि ही नुसती शैलीची गोष्ट नाही, इथे तो कायदा आहे. 1963 च्या डिसेंबरमध्ये स्टुडबेकर कंपनीने इंडियानातल्या साउथ बेंडचा मोटारींचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं, पेन्शन फंडात पुरेसे पैसेच नव्हते, चार हजारांवर कामगारांना हक्काच्या पेन्शनचे डॉलरमागे जेमतेम पंधरा सेंट मिळाले. (गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.) त्यातून पुढे 1974 मध्ये एरिसा हा कर्मचाऱ्यांच्या पेन्शन आणि इतर लाभांचा कायदा आला, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की योजनेची माहिती सामान्य सभासदाला कळेल अशाच भाषेत द्यायची. ठरावीक संख्येने कामगारांना फक्त दुसरीच एखादी भाषा वाचता येत असेल तर मदत कुठे मिळेल ते त्या भाषेत छापावं लागतं.

आता काकांकडे येते. सुप्रीम कोर्टाच्या 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालानंतर त्यांनी वाढीव पेन्शनसाठी, म्हणजे मर्यादेऐवजी खऱ्या पगारावर मोजलेल्या पेन्शनसाठी, अर्ज केला होता, गेल्या वर्षी पत्र आलं की मागच्या वर्गणीचा फरक म्हणून साधारण नऊ लाख भरा, महिन्याला साडेसात हजार वाढतील. भरायचे का? माझा भाचा लॉच्या चौथ्या वर्षाला, दोन मूट कोर्ट जिंकलेला, उभा राहून बोलायला लागला की ऐकत राहावं असा. त्याने पत्र वाचलं, निकाल शोधला, परिच्छेद क्रमांकासकट सांगितला, आणि काकांनी विचारलं “मग भरू का?” तर त्याला उत्तर देता येईना. भागाकार केला तर 120 महिने, म्हणजे दहा वर्षं. पण मागच्या महिन्यांच्या वाढीव पेन्शनची थकबाकी किती मिळणार, ती एकाच वर्षात हातात आली तर टॅक्स किती, त्यात थकबाकीसाठीची टॅक्स सवलत कशी लावायची, काका आधी गेले तर काकूंना निम्मीच मिळणार हे धरायचं की नाही, आणि नऊ लाख एफडीत राहिले असते तर त्यावर व्याज किती, हे सगळं एका पानात मराठीत बसवायचं काम त्याला कुणी कधी दिलंच नव्हतं. त्यात त्याची चूक नाही.

आपल्याकडे वक्तृत्वाची हौस दांडगी आहे आणि मला तिचा अभिमान आहे, मी स्वतः शाळेत ढाली आणल्यात. पण पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन हे विषय बोलून सुटत नाहीत. ईपीएसचं सूत्र बघा, पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70. 2014 साली पगाराची मर्यादा 15,000 ठरली, त्या हिशोबाने सेवेची तीस वर्षं धरली तर महिन्याला साधारण 6,428 रुपये. ही एक ओळ ग्रुपवर मामेभाऊ आणि काका दोघांनी समोर ठेवली असती तर वाद तरी मुद्द्यावर झाला असता.

इथलं सगळं छान आहे असं मी म्हणत नाहीये. ग्रॅच्युइटी देशभर कायद्यानेच द्यायची अशी सोय अमेरिकेत नाही, आपल्याकडे 1972 पासून आहे. 401के, म्हणजे बाजारात गुंतवलेल्या निवृत्ती खात्यामुळे, बाजार पडल्याचा फटका थेट कामगाराला बसतो, माझ्या टेबलावर रोज तेच येतं. आणि स्पर्धेने काही जादू होत नाही, पण कोवळ्या वयात कुणीतरी पोरांना या रुक्ष विषयाकडे वळवतं, लिहिलेलं जाणकार माणसं वाचतात, आणि त्यातलीच काही पुढे याच कामात येतात. माझ्या ऑफिसातली एक सीनियर अशाच एका निबंधामुळे या शाखेत आली.

पुण्या-मुंबईच्या लॉ कॉलेजांनी, जिल्ह्याच्या वकील संघांनी एवढंच करावं की एक खरं प्रकरण द्यावं, नावं काढून, आणि मेमो इंग्रजीत पण सभासदाला पत्र मराठीत मागावं. मार्क पत्राला जास्त. वाचायला एक निवृत्त कामगार बसवावा, त्याला कळलं नाही तर मार्क कापावेत. खर्च जवळपास नाहीच.

भाच्याला मी काकांचं पत्र लिहायला बसवलंय. परवा पहिला मसुदा आला. उत्तर तिसऱ्या परिच्छेदात होतं, लाल रेघ मारून परत पाठवलाय, काकांची पैसे भरायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.