आपलं काय अडलं?

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कऱ्हाड, 1982. एकोणसाठ माणसं, त्यात चौदा बायका. तिकडे सकाळी सहाला, म्हणजे नेदरलँड्समधल्या आमच्या आइंडहोवनला रात्री दीड-अडीचला, पहिलं गुलाबाचं फूल येतं आणि माझा फोन थरथरतो. ग्रुप म्यूट करता येतो हे मला माहीत आहे. गेली आठ वर्षं मी तो केलेला नाही.

ऑक्टोबरात बापूनं तिथं एक बातमी टाकली. सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं की लैंगिक शिक्षण नववीपासून नको, त्याहून लहान वयापासून द्यायला हवं. बातमीखाली बापूचे तीन हसरे चेहरे. मग जी गाडी सुटली ती दोन दिवस थांबली नाही. साठीला टेकलेले सगळे गडी एकदम तेरा वर्षांचे झाले. ज्याचे वडील आरोग्य खात्यात होते त्याच्या घरचा निरोधचा खोका निघाला. त्यातले ‘फुगे’ फुगवून आम्ही गॅदरिंगच्या स्टेजला बांधले होते आणि हेडसरांनी, ‘सगळे पांढरेच का आणले रे, लाल मिळाले नाहीत?’ असं माईकवरून विचारलं होतं. स्टेशनच्या भिंतीवरच्या हकीमसाहेबांच्या जाहिराती वाचून आमचं हिंदी कसं सुधारलं तेही निघालं. हसून हसून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. ट्रेनमध्ये समोर बसलेली बाई बघायला लागली.

शेवटी अण्णानं समारोप केला. अण्णा बँकेतून निवृत्त, शब्द मोजून टाकतो. ‘आपल्याला कुणी शिकवलं होतं? आपलं काय अडलं? लग्नं झाली, पोरं झाली, नातवंडं झाली.’ त्याखाली बावीस अंगठे.

माझं डोकं फिरलं ते तिथं.

एक तर ‘अडणं’ हा शब्द आमच्याकडे बाळंतपणात वापरतात. बाई अडली म्हणजे काय हे अण्णाला माहीत असणार, त्याची आजी सुईण होती. आणि दुसरं म्हणजे, हिशेब करताना अडलेल्यांना वगळलं तर कुणाचंच काही अडत नाही. बँकेत असा ताळेबंद मांडला असता तर अण्णाची पेन्शन अडली असती.

मागच्या बाकावर आमच्यातला एक जण बसायचा. नाव लिहीत नाही. नववीच्या सुट्टीत त्याची खात्री झाली की आपल्याला मोठा रोग झालाय, अंगातली शक्ती झिरपून चाललीय आणि वर्षभरात आपण मरणार. रात्री झोपेत जे कुठल्याही वाढत्या मुलाला होतं तेच त्याला होत होतं. पण त्याला मराठीत जो शब्द आहे त्यातच ‘दोष’ आहे, मग पोरानं दुसरं काय समजायचं? रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब होतो, हे गणित आम्ही सगळ्यांनी पाठ केलं होतं, पायथागोरसच्या आधी. तो हकीमसाहेबांना भेटला, लॉजवर, खोलीत. परीक्षेची फी गेली, मग वडिलांचं घड्याळ गेलं. पुड्यांमध्ये राखेसारखं काहीतरी होतं, ते तो मधल्या सुट्टीत नळाच्या पाण्याबरोबर घ्यायचा. घड्याळाचं घरी कळलं तेव्हा मार खाल्ला, पण कशासाठी विकलं ते सांगितलं नाही. दहावीला बसलाच नाही. मुंबईला कुठल्याशा हॉटेलात लागला म्हणतात. ग्रुपमध्ये त्याचा नंबर नाही. कुणाकडेच नाही.

या भीतीला वैद्यकात नाव आहे. डॉ. एन. एन. विग यांनी 1960 साली ‘धात सिंड्रोम’ म्हणून तिची नोंद केली. म्हणजे आमचा मित्र पुड्या घेत होता तेव्हा हा आजार धातूचा नसून धसक्याचा आहे हे डॉक्टरांना वीस वर्षं ठाऊक होतं. कऱ्हाडच्या शाळेपर्यंत ते पोचलं नव्हतं एवढंच.

आणि त्याही आधी मराठीत हे सगळं लिहून ठेवलेलं होतं. र. धों. कर्वे यांनी मुंबईत 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचं पहिलं केंद्र निघालं. 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यात वाचकांचे प्रश्न असायचे, आमच्या मित्राचाच प्रश्न वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, आणि कर्वे त्यांना कोरडी, सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांपायीच 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते बाबासाहेब आंबेडकर. तरीही हरले, दंड झाला. गणिताचा प्राध्यापक, नोकरी गेलेली, पदरचे पैसे घालून मासिक काढणारा. आमच्या मराठीच्या पुस्तकात त्यांच्या वडिलांवर धडा होता. मुलाला एक मुलगा होता हेसुद्धा मला परदेशात आल्यावर कळलं. म्हणजे महर्षींना असा एक मुलगा होता हे, असं म्हणायचंय मला. र. धों.ना मूल नव्हतंच, त्यांनी ठरवून होऊ दिलं नव्हतं. (चिडून लिहिलं की माझं मराठी असं अडखळतं.)

हे सगळं मी ग्रुपवर लिहायला घेतलं. आणि सोबत, माझ्यातला परदेशस्थ गप्प कसा बसेल, इथलंही लिहिलं. की इथे 2012 पासून शाळांना हा विषय टाळता येत नाही. की दर वसंतात प्राथमिक शाळांत ‘लेंटेक्रीबल्स’चा आठवडा असतो, त्यात चार वर्षांचं पोर ‘मला मिठी नको’ म्हणायला शिकतं आणि अकरा वर्षांचं पोर पाळीबद्दल शिकतं, मुलगे-मुली एकाच वर्गात, एकाच बाकावर. की एवढं सगळं शिकवूनही किशोरवयात आई होणाऱ्या मुलींचं प्रमाण इथे जगातल्या सगळ्यांत कमी प्रमाणांपैकी आहे. की आपल्याकडे मात्र 2007 साली पुस्तकातल्या चित्रांवरून विधानसभेत गदारोळ झाला आणि शाळांतला कार्यक्रमच बंद झाला.

जे लिहिलं नाही तेही सांगतो. मार्च 2023 मध्ये याच आठवड्यावरून इथे केवढा धुरळा उठला होता ते मी लिहिलं नाही. ‘आमच्या पोरांना बिघडवताहेत’ अशी तीच वाक्यं, फक्त डचमध्ये. हेही लिहिलं नाही की 1911 च्या कायद्यानं या देशात गर्भनिरोधकांची उघड जाहिरात आणि विक्री बंद केली होती, आणि ती बंदी 1969 पर्यंत होती. म्हणजे आमचं सरकार लाल त्रिकोण रंगवून पंधरा पैशाला तीन निरोध विकायला लागलं 1968 साली, तेव्हा इथे तो कायदा अजून पुस्तकात होता. हे ग्रुपला कळलं असतं तर माझी बाजू लंगडी झाली असती. भांडताना माणूस आपल्या कामाची आकडेवारी घेतो.

उत्तर पाच मिनिटांत आलं. ‘तू तिकडचा. तुला काय कळणार इकडचं.’ बापूनंच लिहिलं, ज्याच्या शेजारी मी सहा वर्षं बसलो.

तिकडचा! आता हेही ऐका. लेकीच्या शाळेत, ती ग्रूप सेव्हनमध्ये, म्हणजे दहा-अकरा वर्षांची असताना, या आठवड्याच्या आधी पालकांची सभा होती. मी कामावरून थेट सायकल हाणत गेलो, भिजलेला. बाईंनी सगळ्यांना कार्यक्रम सांगितला, कॉफी झाली, आणि मग त्या हळूच माझ्याजवळ आल्या. आवाज खाली. ‘तुमच्या संस्कृतीत हे अवघड असू शकतं, आम्ही समजू शकतो. काही शंका असतील तर एकट्यानं बोलूया.’ शेजारी इथल्याच झेलँड प्रांताचा एक बाप बसला होता, दर रविवारी दोनदा चर्चला जाणारा, कपाळाला आठ्या. त्याला कुणी काही विचारलं नाही. मी त्या बाईंना कर्वे सांगितले. आंबेडकर सांगितले. तुमच्या आलेट्टा याकॉब्सनी 1882 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला संततिनियमनाचा दवाखाना उघडला ते मला माहीत आहे, तसं आमचंही तुम्ही माहीत करून घ्या, असं जवळपास ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘ओ, इंटरेसांत.’ आणि माझ्या हातात माहितीपत्रक दिलं. इंग्रजीतलं. माझं डच तोवर सतरा वर्षांचं होतं.

म्हणजे तिकडे मी तिकडचा आणि इकडे मी तिकडचाच.

ग्रुपवर पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी काही लिहिणार त्याआधी एका वर्गमैत्रिणीचा मेसेज आला. ती तीन वर्षांत पहिल्यांदा बोलत होती. ‘आठवीत नर्सबाई आल्या तेव्हा तुम्हाला दोन तास मैदानावर सोडलं होतं. आम्हाला खिडक्या लावून बसवलं. शेवटी सांगितलं, यातलं कुणापाशी बोलायचं नाही. मी माझ्या मुलीलाही नीट सांगितलं नाही. तिनं मैत्रिणीकडून ऐकलं.’ बस्स, एवढंच. एरवी खोकला झाला तरी अंगठे दाखवणारा ग्रुप चार तास गप्प. मग कुणीतरी दत्ताचा फोटो टाकला.

मला ते मैदान लख्ख आठवतं. आम्ही कबड्डी खेळलो. मुली बाहेर आल्या तेव्हा प्रत्येकीच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि आम्ही ‘काय दिलं, खाऊ दिला का’ म्हणून ओरडलो होतो. ओरडणाऱ्यांत मी पुढे.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात शरीरशास्त्राचं एक जाड पुस्तक होतं. त्यातली प्रजननसंस्थेची पानं कुणीतरी खळीनं चिकटवून टाकली होती. फाडली नव्हती, पुस्तक सरकारी होतं. आम्ही ते जोडपान खिडकीच्या उन्हात धरायचो. दोन बाजूंची अक्षरं एकमेकांत मिसळून दिसायची, एका ओळीतून दुसरी उलटी ओळ चाललेली. ‘गर्भा’ एवढं वाचता यायचं, मग पुढे काहीतरी ‘ण्यतः’. आकृतीवर आकृती आलेली, त्यामुळे बाई आणि बुवा एकच दिसायचे. जास्वंदीचं फूल मात्र सरांनी ब्लेडनं उभं चिरून दाखवलं होतं, पुंकेसर, स्त्रीकेसर, सगळं. जास्वंदीबद्दल आमचं काहीही अडलं नाही.

आता जे सांगणार आहे ते ग्रुपवर सांगायची माझी छाती नाही.

पालकसभा झाली त्याच वर्षी, 2016 ला, आई इथे आली होती. मार्च महिना, हीटरला पाठ लावून बसायची. लेंटेक्रीबल्सच्या आठवड्यात लेक घरी आली, पावाला लोणी लावलं, वर हागेलस्लाग, म्हणजे चॉकलेटचा चुरा, भुरभुरवला, आणि खाताखाता पाळी कशी येते, का येते, मुलग्यांचे आवाज का फुटतात, सगळं घडाघडा सांगायला लागली. डचमध्ये. मधे मधे हात करून. आई कौतुकानं बघत होती. म्हणाली, ‘काय म्हणतीय रे माझी बाय?’

मी डचमध्ये सभा गाजवणारा माणूस. मी तोंड उघडलं आणि एक शब्द सापडेना. मासिक पाळी म्हणायचं, तर आईसमोर ते मी जन्मात म्हटलेलं नव्हतं. आमच्या घरात ‘अडचण’ असायची, ‘बाजूला’ असायचं. मी म्हणालो, ‘काही नाही, शाळेत जास्वंदीचं फूल शिकवलंय, ते सांगतीय.’

लेकीला मराठी बोलता बेताचं येतं, समजतं सगळं. तिनं पाव खाली ठेवला. ‘बाबा, तू खोटं का सांगतोस?’

मी चहा ठेवायला उठलो. स्वयंपाकघर आमचं उघडंच आहे, त्यामुळे ऐकू येत राहिलं. आईला काय ते कळलं असावं, मुलांची तोंडं वाचण्यात तिची हयात गेली. ती नातीला म्हणाली, ‘आमच्या वेळेला कावळा शिवायचा बाई.’

‘कोणता कावळा?’

हा प्रश्न मीही विचारला होता. सहा-सात वर्षांचा असताना. ताई पडवीत वेगळ्या घोंगडीवर बसलेली, मला तिला शिवायची बंदी, आणि विचारलं तर उत्तर हेच, कावळा शिवला. मी बेचकी घेऊन दोन दिवस परसात बसलो होतो, तिला पुन्हा शिवायला आला तर हाणायचा म्हणून. तीन कावळे उडवले, एक कौल फोडलं. मला कुणी सांगितलं नाही. ताई पडवीतून बघत हसत होती, तिनंही नाही.

आईनं मात्र नातीला सांगितलं. हळू आवाजात, पण सगळं. फडकी कुठे वाळत घालायची, कोणाच्या नजरेला पडू द्यायची नाहीत, पहिल्यांदा तिला वाटलं होतं आपण मरतोय. पहिल्यांदा कधी, ते तिनं सांगितलं तेव्हा मी पाठमोरा होतो, कप विसळत. पन्नास वर्षांच्या मुलाला आईबद्दल ही माहिती पहिल्यांदा मिळत होती, तीही दुसऱ्या कुणाला सांगताना. चहा उतू गेला.

मी कप घेऊन बाहेर आलो तर दोघी खिडकीशी. समोरच्या घराच्या धुराड्यावर नेहमीचे ते छोटे राखाडी मानेचे पक्षी बसले होते.

‘आजी, हे कावळे नाहीत,’ लेक सांगत होती. ‘ह्यांना डचमध्ये काऊ म्हणतात.’

‘आमच्यात पण काऊच म्हणतात की,’ आई म्हणाली.