स्नूकरच्या टेबलावर कॅरमची पावडर? अरे देवा!

मागच्या रविवारी माझ्या भाच्याला क्लबातून हाकलून दिलं. कारण काय, तर साहेबांनी स्नूकरच्या टेबलावर कॅरमची बोरिक पावडर भुरभुरवली होती. हे ज्ञान एका रीलमधून आलेलं, आणि ती रील घरच्या ग्रुपवर टाकली होती खुद्द ताईने, वर 'नक्की बघा' असं लिहून. रीलचं म्हणणं थोडक्यात असं: क्यू बॉल (क्यू म्हणजे काठी, तिने मारायचा तो पांढरा बॉल) पहिल्या क्षणापासून गडगडतो. घर्षण फक्त वेग खातं. म्हणून कापडावर पावडर टाका, बॉल शेवटी जास्त जोरात धावेल. शिवाय जड बॉल लवकर थांबतो, कारण त्याला घर्षण जास्त.

आधी पावडरच घेतो, कारण दंड तिचा भरावा लागलाय.

क्यू बरोबर मध्यावर बसला की बॉल न फिरता नुसता घसरत सुटतो. कापडाचं घर्षण तेव्हा दोन कामं एकदम करतं: बॉलचा पुढे जाण्याचा वेग घटवतं आणि त्याला फिरवायला लागतं. भरीव गोळ्याचा हिशेब असा की पुढचा वेग 1 ने घटला, तर फिरण्यामुळे कडेला येणारा वेग अडीचने वाढतो. दोन्ही सारखे झाले की घसरणं संपलं, गडगडणं सुरू. समजा बॉल सेकंदाला 2 मीटरने सुटला. त्यातले 0.57 गेले, उरले 1.43. तिकडे 0.57 ची अडीचपट? 1.43. जुळलं! म्हणजे मूळ वेगाचा 5/7 भाग. आता मला सांगा, या आकडेमोडीत कापड किती खरखरीत आहे हे कुठे आलं? आलंच नाही. पावडर टाका नाहीतर तेल ओता, गडगडायला लागताना वेग 5/7 च. उष्णतेत जाणारी ऊर्जाही दर वेळी मूळ ऊर्जेच्या 2/7 च.

हा माझा शोध नाही. ज्याच्या नावाने वाऱ्यांना वळवणारं ते बल ओळखलं जातं, त्या कोरिओलिसने 1835 मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं. घसरणं, फिरकी, टक्कर, सगळं त्यात आहे. 1875 मध्ये जबलपूरला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्नूकर सुरू केलं, त्याच्या 40 वर्षं आधी. रीलवाल्याला निदान चाळायला हरकत नव्हती.

बरं, एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. घर्षण कमी असेल तर घसरणं लांबतं. वरच्याच फटक्यात घर्षणांक 0.2 असेल तर बॉल साधारण अर्धा मीटर घसरेल, 0.1 असेल तर मीटरभर. तेवढ्या टप्प्यात तो जास्त वेगात असतो, आणि स्क्रूसाठी, म्हणजे आदळल्यावर बॉल मागे यावा म्हणून, दिलेली उलटी फिरकीही जास्त दूरवर टिकते. म्हणून गुळगुळीत कापड 'फास्ट' वाटतं, ते खोटं नाही. पण त्यासाठी कापड ब्रश करतात, इस्त्री करतात. लोकरीच्या कापडात पावडर कोंबत नाहीत.

'घर्षण फक्त वेग खातं' हे तर टेबलापाशी उभा राहून कुणीही खोटं पाडेल. गडगडत आलेला क्यू बॉल समोरच्या बॉलवर थेट आदळला की क्षणभर जवळजवळ थबकतो. पुढचा वेग गेला, फिरकी मात्र तशीच. मग तो पुन्हा पुढे कसा सरकतो? कापडाचं घर्षणच त्याला पुढे ढकलतं, आदळण्याआधीच्या वेगाच्या जवळपास 2/7 पर्यंत. यालाच आपण फॉलो म्हणतो. आणि क्यूच्या टोकाला, टिपला, खडू घासतो तो कशासाठी, घर्षण कमी करायला?

जड बॉलचं काय सांगू. घर्षण वजनाबरोबर वाढतं हे खरं, पण बॉल रोखायला लागणारं बलही त्याच प्रमाणात वाढतं. वस्तुमान दोन्हीकडून कटतं. दहावीचं गणित.

राहिला पहिल्या क्षणापासून गडगडणारा बॉल. तसा फटका असतो, पण तो मारावा लागतो: कापडापासून व्यासाच्या 7/10 उंचीवर. स्नूकरचा बॉल 52.5 मिलिमीटरचा, म्हणजे मध्याच्या साडेदहा मिलिमीटर वर. मध्यावर मारलेला बॉल घसरतोच. पट्ट्याचा पूलचा बॉल घेऊन मध्यावर मारा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघा. पट्टा सुरुवातीला जवळजवळ हलत नाही.

ताईने हे वाचून विचारलं, "मग ती रील डिलीट करू का?" करच बाई. आणि उरलेला पावडरचा डबा कॅरमजवळ ठेव.