फोन बापाचा, वय बापाचं, खेळ पोराचा

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. कायदा मोडणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. तेव्हापासून तिकडे जळगाव-धुळ्याकडे एकच सूर ऐकू येतो: त्यांनी करून दाखवलं, आपल्याकडे कधी? मागणीमागची काळजी खरी आहे. पण मेलबर्नमधून पाहताना दोन गोष्टी दिसतात, ज्या या मागणीत येतच नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे या कायद्यात गेम नाहीत. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, एक्स, यूट्यूब, रेडिट, ट्विच हे सगळं यादीत आहे. व्हॉट्सअ‍ॅप नाही, आणि ज्यांचा मुख्य हेतूच खेळ आहे असे ऑनलाइन गेमही नाहीत. यूट्यूबवर खातं उघडता येत नाही, पण लॉगिन न करता व्हिडिओ पाहता येतात. म्हणजे पारोळ्यात किंवा शहाद्यात रात्री नऊ वाजता ज्या गोष्टीवरून घरात आवाज चढतो, ती इकडच्या चौदा वर्षांच्या पोराला आजही खुली आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा कायदा एक गोष्ट धरून चालतो: मुलाकडे स्वतःचा फोन आहे, त्यात त्याचं स्वतःचं खातं आहे, म्हणून खात्याचं वय तपासता येतं. खानदेशातल्या बहुतेक शेतकरी घरांत चित्र वेगळं आहे. फोन बापाचा. त्यातलं गुगल खातं बापाचं, तेही दुकानदाराने फोन विकताना उघडून दिलेलं. त्याच फोनवर केळीचे भाव येतात, त्याच फोनवरून विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरला रिंग देऊन मोटार चालू होते, त्यातच यूपीआय आहे. संध्याकाळी बाप शेतातून आला की फोन पोराच्या हाती जातो, आणि तो त्रेचाळीस वर्षांचा माणूस म्हणून खेळायला बसतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. बीजीएमआय हा गेम, ज्याला सगळे अजून पब्जीच म्हणतात, २०२३ च्या मेमध्ये परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा होती. बापाच्या खात्यावरून खेळणाऱ्या पोराला सहा तास मिळत होते. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळलेली संमती मागतो. पण जिथे मूल म्हणून कुणी नोंदलेलंच नाही, तिथे संमती मागणार कुणाकडे? उद्या ऑस्ट्रेलियाचा कायदा शब्दन् शब्द उचलून आणला, तरी चाळीसगावच्या त्या फोनवर तो उतरणार नाही. वयाचा प्रत्येक नियम याच एका छिद्रातून गळतो, म्हणून बुजवायचं आधी हे छिद्र.

घरात जुना हँडसेट पडलेला असेल तर काम सोपं होतं. फोन फॅक्टरी रिसेट करायचा, सिम घालायचं नाही, मुलाच्या खऱ्या जन्मतारखेने नवं गुगल खातं उघडायचं आणि बापाच्या फोनवर गुगलचं फॅमिली लिंक टाकून ते जोडायचं. मग रोजची वेळ ठरवता येते, रात्री फोन कुलूपबंद होतो, आणि प्रत्येक नवं अ‍ॅप बापाच्या परवानगीनेच उतरतं. नेट बापाच्या हॉटस्पॉटवरून द्यायचं. हॉटस्पॉट बंद केला की खेळ बंद, हिसकाहिसकी नाही. यात बिघडतं ते ठरलेल्या जागी. पोरगा जन्मसाल मागचं टाकून दुसरं खातं उघडतो, किंवा गेममध्ये मित्राच्या आयडीने शिरतो. त्यामुळे सेटिंग्जमधली खात्यांची यादी महिन्यातून एकदा उघडून बघावीच लागते.

फोन एकच असेल तर फॅमिली लिंक उपयोगाचं नाही. ते एक फोन पालकाचा आणि एक मुलाचा, असं धरून बनवलेलं आहे. अशा घरात निदान पैशाचं दार बंद करावं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खरेदीच्या पडताळणीचा पर्याय असतो, तो ‘प्रत्येक खरेदीला’ यावर ठेवायचा आणि पासवर्ड बापाने स्वतःजवळ ठेवायचा. दुसरं दार यूपीआय लाइटचं. त्यात हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन विचारतच नाहीत, आणि त्याच्या डिजिटल पाकिटात पाच हजारांपर्यंत रक्कम राहू शकते. चहावाल्याला द्यायला हे सोयीचं आहे. पोराच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते बंदच पाहिजे. तिसरं, यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडून पाहायची. एकदा मंजूर झालेला हप्ता त्यातून दर महिन्याला आपोआप कापला जातो, आणि पन्नास-शंभर रुपये कुठे जातात हे वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. अभ्यासाचा व्हिडिओ बघायला फोन देताना स्क्रीन पिन करून द्यावी. मग त्या अ‍ॅपच्या बाहेर जायला लॉक विचारतं. सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात हा पर्याय असतो.

इतकं करूनही पैसे गेलेच, तर प्ले स्टोअरवरून ४८ तासांच्या आत परताव्याचा अर्ज करायचा. फोन लपवून, पोराला मारझोड करून आठ दिवस घालवले की ती वेळ निघून जाते. फसवणूक असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता आले तरच ते परत मिळण्याची आशा असते.

आता वेळेबद्दल. घरातली निम्मी भांडणं मिनिटांवरून होतात, आणि त्यात चूक खेळ समजून न घेतल्याची असते. बीजीएमआयची मोठी मॅच शंभर जणांची. ती शेवटपर्यंत टिकली तर पंचवीस-तीस मिनिटं चालते आणि मध्ये थांबवता येत नाही. आईने मध्येच हाक मारली आणि पोरगा उठला, तर त्याचा रँक घसरतो आणि स्क्वाडमधले तिघे उघडे पडतात. हेडफोनवर त्याच वेळी ‘कथा जाई राह्यना रे भो?’ (कुठे चाललास रे भाऊ?) असं ऐकू येत असतं. ते तिघं त्याच्याच वर्गातले असतात आणि सकाळी त्यांनाच तोंड द्यायचं असतं. म्हणून ‘एक तास’ हा हिशेब चुकीचा. ‘दोन मॅच’ हा हिशेब बरोबर. जेवायला बोलवायचं ते मॅच सुरू होण्याआधी, लॉबीत असताना. वेळ थोडा असेल तर त्याच गेममधली छोटी टीम डेथमॅच आहे. चाळीस किल किंवा दहा मिनिटं, जे आधी होईल त्यावर ती संपते. फ्री फायर मॅक्सची मॅचही त्या मानाने लहान, पन्नास जणांची. रात्री रँक पुश करायला, म्हणजे रँक वर चढवायला बसलेल्या पोराला मात्र मॅच मोजण्याचा नियम पुरत नाही. तिथे फोन आईच्या उशाशी चार्जिंगला, हाच नियम चालतो.

नेटपॅक गेम खातो हाही गैरसमज आहे. मॅचला जेमतेम काही एमबी लागतात. दीड जीबी रोजचा पॅक संपवतात ते व्हिडिओ आणि रील. ७२० वर तासभर व्हिडिओ पाहिला की पॅकचा मोठा भाग गेला. शिकवणीचा व्हिडिओ २४० किंवा ३६० वर चालतो, फळ्यावरचं अक्षर नीट दिसतं. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथल्या मुलांनी तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला आल्यावर व्हिडिओ उतरवून न्यावेत.

पैशाच्या खेळांबाबत मात्र इकडचा आदर्श आपल्याकडे कुणी घेऊ नये. भारताच्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ऑस्ट्रेलियात प्रौढांना खेळांच्या सामन्यांवर ऑनलाइन सट्टा लावणं कायदेशीर आहे, आणि फुटीच्या, म्हणजे इकडच्या फुटबॉलच्या सामन्याभोवती सट्ट्याच्या जाहिराती मुलांच्या डोळ्यांसमोरून जातात. त्या टप्प्याटप्प्याने तीन वर्षांत बंद करा, अशी शिफारस इथल्या संसदेच्या समितीने २०२३ मध्ये केली. क्रेडिट कार्डाने सट्टा लावायला बंदी यायला २०२४ चा जून उजाडला. समाजमाध्यमांवर इतका कडक असलेला देश सट्ट्यासमोर इतका मवाळ आहे. या बाबतीत दिल्लीने केलेलं जास्त धीट आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे.

एक गोष्ट मात्र इकडून घेण्यासारखी आहे. २२ सप्टेंबर २०२४ पासून ऑस्ट्रेलियात नव्याने वर्गीकरण होणाऱ्या गेममध्ये पैसे देऊन नशिबाची पेटी उघडायची सोय असेल, तर त्याला किमान ‘एम’ दर्जा मिळतो, म्हणजे पंधराच्या खालच्या मुलांसाठी नव्हे. कॅसिनोसारखा खेळ असेल तर तो थेट अठरा वर्षांवरच्यांसाठी. ‘एम’ ही केवळ सूचना आहे, पण खोक्यावर लिहिलेलं तरी असतं. आपल्या कायद्याने पैसे जिंकण्याचा खेळ पकडला. पैसे घालून बंदुकीची नक्षी निघते का बघायचं, तो क्रेट सुटला. सवय दोन्हीची सारखीच लागते. त्यातही रुपये सरळ खर्च होत नाहीत. आधी त्यांचे यूसी किंवा डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, घ्यायचे, ते पॅकमध्ये येतात, हवे त्यापेक्षा थोडे कमी किंवा थोडे जास्त. उरलेले वापरायला पुन्हा पॅक. किराणा दुकानात कुणी असा हिशेब केला तर आपण त्याच्याशी भांडू.

बंदीनंतर मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ गुंडाळले, पण टेलिग्रामवरून एपीके फाइलने, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून, उतरणारे रंग ओळखायचे आणि विमान उडवायचे खेळ राहिले. कॉलेजच्या पोरांना त्यात एक वेगळाच धोका आहे, तो खातं भाड्याने देण्याचा. दोन-चार हजार रुपये घेऊन बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती दिलं जातं, आणि त्यातून सट्ट्याचे किंवा फसवणुकीचे पैसे फिरतात. कुठल्या तरी राज्यात तक्रार होते आणि खातं गोठवलं जातं. बहुतेक वेळा महाडीबीटीची शिष्यवृत्ती येते ते आधारशी जोडलेलं खातंही हेच असतं. पोराने स्वतः एक रुपया लावलेला नसतो, तरी पोलीस ठाण्याच्या चकरा त्याच्याच नशिबी येतात. जळगाव, धुळे, शिरपूरच्या प्रत्येक कॉलेजने प्रवेशाच्या दिवशी सांगायला हवी अशी एकच गोष्ट असेल, तर ती ही.

गावपातळीवरच्या उपायांबद्दल. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायची पद्धत सुरू झाली. मला वडगावचा मार्ग पटतो, कारण त्या दीड तासात मोठ्यांचाही फोन बंद असतो. व्हिक्टोरियातल्या सरकारी शाळांत २०२० पासून पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन लॉकरमध्ये असतो. ते टिकलं, कारण वेळ ठरलेली आहे आणि नियम सगळ्यांना एक आहे. अर्थात दप्तरात लॅपटॉप असतोच, आणि त्यावर ब्राउझरमधले गेम चालतात. खानदेशात भोंगा वाजवायचा असेल तर वेळ बदलावी लागेल. कापूस वेचणीच्या दिवसांत फोनच घरी आठला पोचतो, मग सातचा भोंगा कुणासाठी? साडेआठ ते दहा ही वेळ धरावी.

‘मैदानावर पाठवा’ हा सल्लाही ऋतू पाहून द्यावा. मेलबर्नच्या उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड असतो आणि संध्याकाळी मैदानं भरलेली असतात. जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. अकरा ते पाच पोराला बाहेर काढणं म्हणजे उन्हाच्या तोंडी देणं. त्याच दिवसांत सुटी असते, त्याच दिवसांत खेळ वाढतो. अशा वेळी पहाटे सहा ते आठ मैदान आणि दुपारी मोजून मॅच, असं वेळापत्रक निदान पाळता तरी येतं. त्या उन्हात चार्जिंगला लावून गेम खेळला की फोन तापतो, स्वतःच वेग कमी करतो, मॅच अडखळते आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. आधी चार्जिंग, मग खेळ, आणि फोन पत्र्याच्या खोलीत नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमचा विकार आहे, पण तिथेही सहसा बारा महिने टिकलेली लक्षणं पाहतात. सुटीतला अतिरेक म्हणजे आजार नव्हे. शाळा, झोप, जेवण तिन्ही सुटत चाललं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि फोन पूर्ण काढून घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी जून डोळ्यांसमोर आणावा. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. महाडीबीटी ऑनलाइन, सीईटीचा अर्ज ऑनलाइन. ओटीपी येतो बापाच्या फोनवर, बाप तिकडे रावेरच्या शिवारात, आणि पोरगं सायबर कॅफेत रांगेत. अर्ज भरायला बसायच्या आधीच कुठला नंबर द्यायचा ते ठरवा. त्या नंबरचं सिम पुढची दोन वर्षं रिचार्ज करून चालू ठेवा, आणि पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर नको, घरातल्या कागदपत्रांच्या पिशवीत लिहून ठेवा.